तुझी कंबर तपासली तो दिवस

आई, आज वर्गात मी पुन्हा तुझी गोष्ट सांगितली आणि पुन्हा तुला 'एक पेशंट' म्हणाले. दर वर्षी नवी मुलं आली की कंबरदुखीच्या तपासणीचा तास मी असाच सुरू करते. खेड्यातली एक बाई, साठी उलटलेली, कंबर दुखते म्हणून आली. तपासणाऱ्या मॅडमनी सगळ्या तपासण्या पुस्तकाबरहुकूम केल्या, आणि तरी दुखण्याचं खरं कारण त्यांच्या लक्षात आलं नाही. एरवी बाकाखाली मोबाईल बघणारी मुलंसुद्धा एवढं मात्र कान देऊन ऐकतात. आज तास संपल्यावर एक मुलगी मागं रेंगाळली. पाथर्डीकडची आहे, बोलण्यावरून लगेच कळतं. म्हणाली, "मॅडम, काय विचारायचं ते पुस्तकात आहे. पण विचारायच्या आधी खोलीतली माणसं बाहेर पाठवायची, हे कुठं लिहिलेलं नाही. तुमी कुठं शिकलात?" मी म्हणाले, "अनुभवानं." ती थँक्यू म्हणून गेली आणि मी रिकाम्या वर्गात फळा पुसत उभी राहिले. मला माझीच लाज वाटली. ते मी अनुभवानं शिकले नव्हते, तुझ्याकडून शिकले होते, तेही आठव्या वर्षी, आणि नेमक्या गरजेच्या दिवशी विसरले होते.

मी पायाळू, याचा तुला कोण अभिमान. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले, त्यात खरं तर तुझा जीव जायची वेळ आली होती, पण तू ते हसत सांगायचीस. "हिला चालायची लई घाई हुती, म्हनून पाय फुडं काढले." खर्ड्याच्या अलीकडं आपली वस्ती, आणि आजूबाजूच्या चार वस्त्यांत पायाळू अशी मी एकटीच. कुणाच्या पाठीत उसण भरली, वाकता येईना, श्वास घेतला की कळ निघायला लागली, की माणसं आपल्या दारात यायची. पायाळू माणसानं पाठीला तीनदा पाय लावला की उसण उतरते, अशी सगळ्यांची खात्री. पडवीत गोणपाट अंथरलेलं असायचं. आलेलं माणूस त्यावर पालथं पडायचं आणि मी डावा पाय त्याच्या कमरेला लावायची, जोरात नाही, नुसता टेकवायचा. तिसऱ्यांदा पाय लावून झाला की तू मला त्याच माणसाच्या पाया पडायला लावायचीस. "पाय लावला न्हवं मोठ्या मान्साला? आता पाय धर." आधी लाथ, मग नमस्कार. मला त्याचं हसू यायचं आणि तू डोळे वटारायचीस. पावसाळ्यात ढग वाजले की मात्र माझी चंगळ संपायची, कारण पायाळूवर वीज पडते म्हणून तू मला आत कोंडून घालायचीस. इतकी माणसं बरी करणारी मी ढगाला भ्यायचं, हे मला पटायचं नाही.

पुरुषमाणूस आलं तर काम झटपट व्हायचं. बाई आली की तुझी रीत वेगळी. तिला गोणपाटावर पालथी झोपवायचीस, स्वतः शेजारी बसायचीस आणि मला म्हणायचीस, "पोरी, जा, हापशावरनं कळशी भरून आन." घरात पाणी भरलेलं असलं तरी. मी कळशी घेऊन निघायची आणि कुडाच्या मागं थांबायची. तू हलक्या आवाजात विचारायचीस. कदीपास्नं दुखतंय? वाकल्यावर दुखतंय, का पडून ऱ्हायलं तरी दुखतंय? रातीला जागं करतंय का? आणि मग आणखी हळू, "अंगावरून जातंय का?" ती बाई पालथी, तोंड जमिनीकडं, तुझं तोंड तिला दिसत नाही, तिचं तुला दिसत नाही. बायका बोलायच्या. कुणी रडायच्या. तू नुसतं "व्हय... व्हय..." करत बसायचीस. मग मला हाक मारायचीस, मी रिकाम्या कळशीनं परत यायची आणि पाय लावायची. काहींना मात्र पाय लावू द्यायची नाहीस. "ह्येला पाय लावून उपेग न्हाई. उद्याच्याला जामखेडच्या दवाखान्यात जायाचं. येकटीला भ्या वाटत आसंल तर मी येते संगं." आणि खरंच जायचीस, खुरपणीचा दिवस मोडून, सकाळच्या एसटीनं.

एकदा मी विचारलं होतं, मला पाण्याला का पाठवतेस? तू म्हणालीस, "पोरीम्होरं बाया बोलत न्हाईत." मग मला बोलावतेसच कशाला, तूच विचार आणि तूच पाठव त्यांना घरी. तू चुलीत काटक्या सारत होतीस. म्हणालीस, "तुझा पाय लागतोय म्हनून तर येत्यात गं. नुसतं बोलाया कोन येतंय?" तेव्हा मला ते माझं कौतुक वाटलं. त्याचा अर्थ कळायला चाळिशी ओलांडावी लागली.

पुढं मी शिकायला नगरला आले आणि पायाळूपण गाठोड्यात बांधून टाकलं. होस्टेलवर कुणाला कळू दिलं नाही. शरीररचनेच्या पहिल्याच तासाला मणक्यांचा सांगाडा पुढं ठेवला तेव्हा मी कमरेच्या पाच मणक्यांकडं बघून मनात म्हणाले, ह्यांच्यावर मी पाय ठेवत होते, काय खुळी माणसं आपण. सुट्टीत घरी आले की पाठ धरून आलेल्या माणसाला मी नियम सांगायची, पाय लावायची नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण आपल्याकडं उलटं झालं, पिकलेलं मीच टाकून दिलं. हळूहळू माणसं यायची थांबली. गोणपाट मात्र कितीतरी दिवस पडवीच्या कोपऱ्यात गुंडाळून उभं होतं, ते मला आठवतं.

तू आलीस ती डिसेंबरात. मी इथल्या फिजिओथेरपीच्या कॉलेजात शिकवायला लागून सात वर्षं झाली होती. जामखेडहून एसटीनं एकटीच आलीस, पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तुरीच्या ओल्या शेंगा. जेवताना म्हणालीस, "कंबार दुखतीया लई दिसांपास्नं. म्हनलं तुला दाखवावं." मला आनंद झाला, खरं सांगते. इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा मला काही मागत होतीस, तेही माझ्या विद्येतलं. दुसऱ्या दिवशी माझा प्रात्यक्षिकाचा तास होता आणि ठरवलेल्या पेशंटनं नेमका नकार कळवला होता. मी म्हणाले, चल कॉलेजात, तिथं नीट तपासते. तू म्हणालीस, "हितंच बघ की घरी. हितं काय कमी हाय?" मी म्हणाले, तिथं सगळी साधनं आहेत. आई, साधनं म्हणजे काय होती? एक टेप, एक पेन, रबरी हातोडी आणि ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला सोडतो तोच ओळंबा. हे सगळं एका पिशवीत घालून घरी आणता आलं असतं.

तू ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलीस, डोक्यावर पदर घेतलास. वर्गात बावीस मुलं, त्यांतले नऊ मुलगे. ही माझी आई, असं मी सांगितलं तेव्हा सगळे उठून उभे राहिले आणि तुला बरं वाटलं, ते तुझ्या तोंडावर दिसलं. मग मी बोलायला लागले. एकदा बोलायला लागले की मला थांबता येत नाही. पेशंट दारातून आत येतो तिथंच तपासणी सुरू होते, त्याला सांगायच्या आधी तो कसा चालतो ते बघा, चप्पल वाकून काढतो का पायानंच, खुर्चीवर कसा टेकतो. मग तुला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. पाठीवरचा पदर बाजूला घेतला. मणके दिसेनात म्हणून मागं खोचलेला काष्टा मी माझ्या हातानं दोन बोटं खाली ओढला. तू समोरच्या निऱ्या मुठीत घट्ट धरल्यास. छतापासून ओळंबा सोडला आणि मी दाखवायला लागले, कान, खांदा, कमरेचं हाड, गुडघा, घोटा, सगळं एका रेषेत हवं. इथं बघा, उजवा खांदा उतरलाय. डावी बाजू वर आहे. दोन्ही हातांच्या कडा कमरेच्या हाडावर ठेवून बघा, डावा हात उंच राहतो. वर्षानुवर्षं डाव्या कडेवर घागर घेतल्यानं हे होतं.

भिंतीकडं तोंड करूनच तू म्हणालीस, "घागरीनं न्हाई. तुझ्यानं झालंय त्ये. कडंवरून खाली उतरतच न्हवतीस."

वर्ग खळखळून हसला. मीही हसले. त्या दिवसातलं तेवढं एक वाक्य मला नको असताना आठवतं आणि आजही हसू येतं, मग हसू आल्याचा राग येतो.

पुढं मी पेननं तुझ्या पाठीवर खुणा केल्या. कमरेखालच्या दोन खळ्यांच्या मधोमध एक, तिच्या वर दहा सेंटिमीटरवर दुसरी, खाली पाच सेंटिमीटरवर तिसरी. पेशंट पुढं वाकला की वरच्या आणि खालच्या खुणेतलं पंधराचं अंतर वाढून निदान वीस व्हायला हवं, नाही तर कंबर आखडलेली आहे समजायचं. मी म्हणाले, आई, गुडघे न वाकवता जमेल तेवढी खाली वाक. तू वाकलीस आणि दोन्ही तळवे सपाट फरशीला लावलेस. टेपवर बावीस भरले. मुलांतल्या एकालाही तसं वाकता आलं नसतं. तुला त्यात काही विशेष वाटलं नाही. चाळीस वर्षं ज्वारीत नि उडदात खुरपणी केलेली बाई, दिवसदिवस अशीच वाकलेली. मी मात्र फुशारून गेले. बघा, म्हणाले, ही निरोगी कंबर. वाकल्यावर दुखणं वाढलं का? "जेवडं हाय तेवडंच." मागं वाकल्यावर? "तेवडंच." बाजूला? "तेवडंच हाय गं." टेबलावर उताणी झोपवून एकेक पाय सरळ उचलला. सत्तर अंशांच्या आत कमरेतून पायापर्यंत कळ गेली तर शीर दबलेली असते. तुझा पाय नव्वदपर्यंत आला, दोन्ही. एका पायाची टाच दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून मांडी खाली दाबली, खुब्याचा सांधा बघायला. "तेवडंच." पालथी घालून एकेका मणक्यावर अंगठा दाबत वरपासून खाली आले. कुठंच काही नाही.

आता मी जो नियम दर वर्षी फळ्यावर लिहिते, तो तेव्हाही मला तोंडपाठ होता. पाठीचं दुखणं पाठ हलली की बदलतं. वाकल्यावर वाढेल, झोपल्यावर कमी होईल, काहीतरी होईल. जे दुखणं कशानंच बदलत नाही, ते बहुतेक वेळा पाठीचं नसतं, पोटातलं, ओटीपोटातलं, दुसरीकडचं असतं आणि पाठीत नुसतं कळतं. तू चार वेळा 'तेवडंच' म्हणालीस. आणि मी मुलांना काय सांगितलं? म्हणाले, खेड्यातल्या बायकांची सहनशक्ती जास्त असते, त्या दुखलं तरी सांगत नाहीत, लिहून घ्या. बावीस जणांनी लिहून घेतलं.

मग धोक्याच्या खुणांचे प्रश्न. आम्ही त्यांना रेड फ्लॅग म्हणतो. त्यांचा छापील कागद असतो, प्रत्येक प्रश्नापुढं 'होय' आणि 'नाही'चा चौकोन. वजन घटलंय? ताप? रात्री दुखण्यानं जाग येते? लघवी-संडासवर ताबा आहे? मी मोठ्यानं विचारत होते, शेवटच्या बाकाला ऐकू जावं म्हणून. बायकांना विचारायचा एक प्रश्न शेवटी असतो. "पाळी गेल्यानंतर पुन्हा कधी रक्तस्राव झाला?" तू टेबलाच्या कडेला पाय सोडून बसली होतीस. तू 'न्हाई' म्हणालीस. मी पुढं गेले. हातोडीनं गुडघा ठोकला, पाय उडाला, मुलं हसली, एकेकानं येऊन ठोकून बघितलं. शेवटी मी निदान सांगितलं, बसण्या-उठण्याच्या सवयींमुळं स्नायूंवर ताण, बाकी काही नाही. तू लुगडं सारखं करत विचारलंस, "म्हंजी काय न्हाई ना?" मी म्हणाले, "काही नाही, आई." पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि जाताना ओळीनं तुझ्या पाया पडली.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. हे बाहेरच्या खोलीत बातम्या बघत होते. तू ओट्याजवळ फरशीवर आपली पांघरायची चादर अंथरलीस आणि पालथी पडलीस. म्हणालीस, "जरा पाय लाव की पाठीला." मी वळून बघितलं आणि मला चीड आली. सकाळी एवढं सगळं केलं, शास्त्र दाखवलं, आणि हिला अजून तेच हवं. मी म्हणाले, "आई, आता तूसुद्धा? कुणी बघितलं तर काय म्हणतील मला?" तू म्हणालीस, "हितं कोन हाय बघाया? तू न् मीच तर हाय." मी शेकायची पिशवी गरम करून तुझ्या कमरेवर ठेवली आणि पुन्हा कणकेकडं वळले. तू बराच वेळ तशीच पडून होतीस, तोंड फरशीकडं. मला एकदा वाटलं तू काही बोलणार आहेस. कुकरची शिट्टी झाली, मी गॅस बारीक केला, आणि तू उठून बसलीस. जाताना मी तुला व्यायामाचा छापील कागद दिला, आठ चित्रांचा, प्रत्येक व्यायाम दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ.

तो तू केलास. मला हेच सोसत नाही. वहिनीनं नंतर सांगितलं, पहाटे झाडलोट व्हायच्या आधी तू अंगणात घोंगडी अंथरायचीस, कागद दगडाखाली ठेवायचीस आणि चित्रं बघून आठही व्यायाम करायचीस, मोजून. शेजारच्या बायका हसायच्या, तर तू म्हणायचीस, माझ्या लेकीनं सांगितलंय, तिच्या हाताखाली बावीस पोरं शिकत्यात. मी रविवारी फोन करायची. करतेस ना? "व्हय की." फरक आहे? "हाय की, जरा हाय." मी समाधानानं फोन ठेवायची. सहा महिने असे गेले. सहा महिने मी तुझ्याकडून मांडीचे नि पोटाचे स्नायू बळकट करून घेत होते.

वहिनीचा फोन आला तो जूनमध्ये. "वन्सं, कसं सांगू, धुन्यात मला कापडं दिसली. आत्या लपवून धुत्यात. लई दिसांपास्नं आसंल." मी गाडी करून आले, तुला नगरला आणलं. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी तुला आत घेतलं, नर्सला बाहेर पाठवलं, मला आत राहू दिलं, आणि तुझ्या बाजूला स्टूल ओढून बसून अगदी साध्या आवाजात विचारलं, "मावशी, अंगावरून किती दिवसांपासून जातंय?" तू म्हणालीस, "वरीस झालं." बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांना माहीत होतं मी काय काम करते. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता, मागं मणक्यांकडं पसरलेला, आणि लवकर आलं असतं तर बरंच काही करता आलं असतं, हे त्यांनी तुझ्यासमोर नाही, मला बाहेर बोलावून सांगितलं.

किरणांच्या उपचारांसाठी तू माझ्याकडं राहिलीस तेव्हा एका दुपारी मी तुला विचारलंच. मला का सांगितलं नाहीस? मी रागावून विचारलं, जणू गुन्हा तुझा होता. तू भिंतीला टेकून बसली होतीस. म्हणालीस, "आगं, येवडं समदं दाबून, ठोकून, मोजून बघितलंस तू. मला वाटलं तुला हाताला कळलं आसंल. तू म्हनलीस काय न्हाई, म्हनलं मग ह्येबी काय नसंल." आणि मग मलाच समजावलंस, "जाऊ दे. तुझा काय दोस? पोरं हुती तितं." नंतर तू कूस बदलून झोपलीस. पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस. आता त्याला नऊ वर्षं होतील. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, कंडक्टर मात्र अजून नगर नगरच ओरडतो. स्टँडवर जामखेडची गाडी लागली की मी अजून वळून बघते.

तुला आणखी एक सांगायचं आहे. जी बाई इतर बायांना जामखेडच्या दवाखान्यात घेऊन जायची, तिला स्वतःचं दुखणं काय ते कळलं नव्हतं, असं मला वाटत नाही. तुला कळलं होतं. ज्यात पाय लावून उपयोग नाही ते हेच, हे तुला माझ्याआधी माहीत होतं. म्हणून तर तू एकटी एसटीत बसून आलीस. तुझा दवाखाना मी होते. तुला फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं, तू त्या बायकांना विचारायचीस तसं. आणि मी तुला बावीस जणांपुढं 'रक्तस्राव' म्हणाले. हा शब्द तू आयुष्यात कधी तोंडानं उच्चारला नसशील.

आता मी वेगळं करते. बाई पेशंट असली की आधी सगळ्यांना बाहेर काढते, मुलींनाही. तिला पालथी झोपवते, तळहात कमरेवर ठेवते आणि तिचं तोंड दिसत नसताना विचारते, तुझ्या शब्दांत. मागच्या महिन्यात जामखेड भागातल्या शिबिरात एक बाई अशीच बोलली आणि वेळेत सापडली. कॉलेजात याला माझी पद्धत म्हणतात. प्राचार्यांनी सगळ्यांपुढं कौतुक केलं, शाल दिली. ती शाल मी घेतली, आई. ही माझ्या आईची पद्धत आहे असं म्हणायला दोन शब्द पुरले असते. पण मग कुणीतरी विचारलं असतं, आई कुठं असतात, कशानं गेल्या? म्हणून मी गप्प राहिले.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. दादालाही नाही. तो अजून म्हणतो, तुझ्याकडं आली म्हणून निदान वर्षभर जगली. त्याला तसंच वाटू दे. पण तुझ्याशी तरी खरं बोलायला हवं, नाही तर एवढं लिहून काय मिळवलं? वर्गात मी दर वर्षी सांगते की त्या मॅडमच्या लक्षात आलं नाही. आजही तेच सांगितलं. पाथर्डीच्या त्या मुलीनं ते वहीत लिहून घेतलं असेल.

लक्षात आलं होतं, आई. मी तो शेवटचा प्रश्न विचारला तेव्हा तू आधी मुलग्यांच्या बाकांकडं बघितलंस, मग माझ्याकडं. तुझे ओठ हलले आणि मिटले. मग तू 'न्हाई' म्हणालीस. पेशंट बोलताना त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढायची नाही, हे मी तेव्हाही शिकवत होते, आणि मी तुझ्या चेहऱ्याकडंच बघत होते. तास संपायला दहा मिनिटं उरली होती, आणि हातोडीनं पाय उडतो ते मुलांना दाखवायचं राहिलं होतं. मी पेन उचललं आणि 'नाही'च्या चौकोनात खूण केली.